वास कशाचा, सांग बरं!

माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी असेन तर आमच्या सरांचा, आणि सरांमध्येही मुख्यतः त्यांच्या नाकाचा. आईवडिलांनी जन्म दिला, अहमदपूरच्या शाळेनं अक्षरं दिली, एसटीनं सवलतीचा पास दिला; पण पीएच.डी. मला एका नाकानं दिली. नांदेड शहरात हवा मोजणारी यंत्रं पुष्कळ असतील, पण ज्याला वीज लागत नाही, जे दुरुस्तीला जात नाही आणि जे कुणी विचारलं नसताना भर रस्त्यात निकाल जाहीर करतं असं यंत्र एकच होतं, आणि ते सरांच्या चष्म्याखाली बसवलेलं होतं.

सर रसायनशास्त्राचे. वर्गात पुस्तकी बोलत, एरवी लातुरी. त्यांचा विषय होता हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांमधली सेंद्रिय संयुगं आणि त्यांचे उगम. हे ऐकून घाबरायचं कारण नाही, मीही पहिलं वर्ष घाबरूनच काढलं. आपण जे जे जाळतो त्याचे केसाहून कितीतरी बारीक कण हवेत तरंगतात, नाकातून थेट फुप्फुसात उतरतात, आणि ते स्वतः कुठून आले त्याची खूण अंगावर बाळगतात. लाकूडफाटा जळाला की लेव्होग्लुकोसान नावाचा पदार्थ तयार होतो. हे नाव घेताना आमच्याकडच्या पोरांच्या जिभेला गाठी पडत, म्हणून सर त्याला 'लाकडाची साखर' म्हणत. इंजिनातलं ऑइल जळालं की त्याची खूण वेगळी, मांस भाजलं की वेगळी, बिडी ओढली की वेगळी. धुराला त्याचं घर विचारायचं, एवढंच आमचं काम. माझ्या वडिलांनी हे गावात पारावर समजावून सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "सेंद्रिय हाय न्हवं? मग चांगलाच की धूर!" वडिलांनी मान डोलावली. पोराच्या शिक्षणावर भर पारावर वाद नको, असा त्यांचा विचार असावा.

मी पहिल्यांदा सरांसमोर उभा राहिलो तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. जवळ बोलावलं, डोळे मिटले आणि माझ्या खांद्याजवळ एक लांब श्वास घेतला.

"अहमदपूरकडून आलास."

"हाव सर."

"एसटीत मागच्या बाकावर बसलास. घरी चूल हाय. चुलीत तुराट्या."

मी सरळ पायांवर डोकं ठेवलं. मला वाटलं, सिद्धपुरुष भेटला. पुढे कळलं की माझा अर्ज पत्त्यासकट त्यांच्यासमोर उघडा पडलेला होता, आणि आमच्या तालुक्यातल्या निम्म्या चुलींत तुराट्याच, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्याच, असतात. मागच्या बाकाचं मात्र त्यांनी खरोखर नाकानं ओळखलं होतं. त्या एका बाकावर पुढची कितीतरी वर्षं माझी श्रद्धा टिकून राहिली. माणसं याहून कमी पुराव्यावर महाराज करतात.

हे नाक समाजात घेऊन फिरणं सोपं नव्हतं. श्रावणातल्या एका सोमवारी विभागाची बैठक चालू असताना सर मध्येच थांबले आणि म्हणाले, "काल कुणीतरी कोळशावर काहीतरी भाजलंय." विषय प्रयोगशाळेच्या पाणीपुरवठ्याचा होता. पण तिघांनी एकदम खुर्च्या मागे सरकवल्या, आणि त्यातले एक असे होते की ज्यांनी सकाळीच सगळ्यांना उपवासाचं महत्त्व सांगितलं होतं. पाणीपुरवठ्याचा ठराव त्या दिवशी बिनविरोध मंजूर झाला. नायगावच्या एका लग्नात सर वरातीच्या गाडीसमोर हात पसरून उभे राहिले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "तुझ्या इंजिनात ऑइल जळून राहिलंय, आधी ते बघ." मागे नवरदेव घोड्यावर, पुढे सर, मध्ये बँडवाले. शेवटी नवरदेवाचे मामा हात जोडून आले: "सर, ऑइल उद्या बघतो. तुम्ही अक्षता टाका अन् जेवून घ्या, पाया पडतो." सरांनी अक्षता टाकल्या, पण गाडीच्या दिशेनं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, त्यांना एकदा मोठ्या आशेनं माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला घेऊन गेल्या. परत आल्यावर सर आम्हाला तासभर गडावरचा कापूर, जीपगाड्यांचं डिझेल आणि प्रसादाच्या कढईतलं तेल यांच्याबद्दल सांगत होते. आतून काकूंचा आवाज आला, "देवी कोणत्या रंगाच्या लुगड्यात होती ते विचारा जरा त्यांना." सर म्हणाले, "गर्दी लई हुती."

माझ्या घरच्यांनी एकदा सरांना हुरड्याला बोलावलं. शेतात आगटी पेटवली होती, गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कणसं भाजत होती, वडील तळहातावर चोळून गरम हुरडा सगळ्यांच्या हातावर ठेवत होते. सरांनी पिशवीतून बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र काढून आगटीच्या वाऱ्याखाली मांडलं आणि पाहुण्यांना माहिती द्यायला सुरुवात केली. गाय काय खाते, तिच्या पोटात त्याचं काय होतं, ते शेणात कोणत्या रूपात उतरतं आणि गोवरी जळाली तरी ती खूण धुरात कशी जशीच्या तशी राहते, हे सगळं त्यांनी भरल्या तोंडांसमोर सविस्तर सांगितलं. हळूहळू चावणं थांबलं. वडिलांनी हातातल्या हुरड्याकडे पाहिलं.

"सर, मग खावं का न्हाई?"

"खा की! लई गोड हाय. फक्त वास घेऊ नका."

विभागाच्या गच्चीवर आमचं मोठं यंत्र होतं. ते रात्रंदिवस हवा ओढायचं आणि पांढऱ्या कागदासारख्या गाळणीवर शहराचा धूर जमा करायचं. सकाळी पांढरी घातलेली गाळणी दुसऱ्या सकाळी राखाडी होऊन निघे, आणि मग तिच्यातून कुणी काय जाळलं ते आम्ही शोधून काढत असू. विभागाचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू, त्या यंत्राला 'गिरणी' म्हणत. "तुमची गिरणी दिवसभर दळती, पीठ मात्र चिमूटभर," असं त्यांचं मत होतं, आणि आमच्या विषयाचं याहून नेमकं वर्णन मी अजून वाचलेलं नाही.

या गिरणीबद्दल सरांचा एक कायदा होता. एखाद्या दिवसाच्या गाळणीत परका धूर शिरला, आणि तो कुणाचा ते सापडलं, तर कारण लिहायचं आणि तेवढा दिवस टाकून द्यायचा. सापडलं नाही, तर सगळा हंगाम टाकून द्यायचा. "एक चोर घरात लपला असंल तर कुलूप लावून काय उपेग?" माझ्या आधीच्या एका संशोधकाची आख्खी दिवाळी अशीच गेली होती. कुणाची तरी बिडी शेवटपर्यंत सापडली नाही, आणि तो बिचारा पुढच्या दिवाळीपर्यंत गच्चीवर राहिला. त्याचं ठरलेलं लग्नही त्यात पुढे गेलं. मुलीकडच्यांना 'धूर सापडत नाही' हे कारण पटवताना त्याच्या घरच्यांनी काय सोसलं असेल ते तेच जाणोत.

धुराच्या बाबतीत सर देवालाही सवलत देत नसत. खंडेनवमीला आमच्याकडे ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो. कॉलेजातही भौतिकशास्त्रवाले आपल्या यंत्रांना हळदकुंकू वाहून उदबत्ती लावत. सर म्हणत, "तराजूला कुंकू लावा, मग तो कुंकवाचं वजन सांगंल." त्या दिवशी ते आम्हाला सक्तीनं घरी हाकलत, मामांनाही गच्चीवर फिरकू देत नसत आणि स्वतः खुर्ची टाकून यंत्राशेजारी पहारा देत. एवढा नास्तिक माणूस मी पाहिला नाही, असं मी गावाकडे अभिमानानं सांगत असे.

मधल्या काळात ती मोठी साथ येऊन गेली. सरही तापानं पडले आणि उठले. उठल्यावर त्यांनी शिकवण्याची एक नवीन पद्धत काढली. आता ते स्वतः निकाल सांगत नसत, आम्हाला विचारत. रस्त्यानं चालता चालता थांबत, हनुवटी वर करत आणि म्हणत, "वास कशाचा, सांग बरं!"

"पाचट जळून राहिलंय सर, उसाचं."

"अन् त्यात?"

"थोडं प्लास्टिक."

"शाब्बास."

चहाच्या टपरीवर परीक्षा, बसस्टँडवर परीक्षा, एकदा तर एका शोकसभेत दोन मिनिटांच्या शांततेत माझ्या कानाशी परीक्षा. मी मित्रांना म्हणायचो की सर म्हातारपणी जास्तच मास्तर व्हायला लागलेत. एकदा काकूंच्या हातून दूध करपलं. त्याचा चहा मला घशाखाली उतरेना, पण सर शेवटच्या घोटापर्यंत शांतपणे प्याले. मला वाटलं, संसारात मुरलेला माणूस असा असतो.

माझा शेवटचा हंगाम होता. घटस्थापनेपासून दिवाळीनंतरपर्यंत रोजची गाळणी घ्यायची, म्हणजे फटाक्यांआधीची हवा आणि नंतरची हवा शेजारी शेजारी मांडता येईल. मार्चमध्ये माझी शिष्यवृत्ती संपत होती. लातूरच्या एका कॉलेजात जागा निघाली होती आणि मुलाखतीच्या आधी पदवी हातात असणं आवश्यक होतं. वडिलांनी तर गावात सांगूनच टाकलं होतं. आमच्या घराण्यात कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना 'डॉक्टर' शब्द मावत नव्हता. दोन बायका गुडघे दाखवायलाही येऊन गेल्या होत्या. हा हंगाम गेला तर जागा जाणार, आणि गुडघेवाल्या बायकांना पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावं लागणार.

आणि निकाल आले तेव्हा खंडेनवमीची गाळणी नासलेली निघाली. आलेखावर बाकीचे दिवस शहाण्यासारखे रांगेत उभे होते आणि तो एक दिवस अंगात आल्यासारखा घुमत होता.

सरांनी आलेख पाहिला आणि पहिली हाक मारली ती मामांना.

"मामा, बिडी कुणी ओढली वर?"

"सर, बिडी कवाच सोडली म्या. तुमच्यापायीच तर तंबाखू धरली!"

"सर, निकोटीन नाहीच यात," मी म्हणालो. "राळेची खूण आहे, ऊद असावा. आणि शेणाची खूण आहे. गोवरीच्या निखाऱ्यावर कुणीतरी ऊद टाकलाय. दिवसभर जळालाय तो."

"हां! सापडला!" सरांनी टेबलावर हात मारला. "गोवरी अन् ऊद. आता गच्चीवर गोवरी आणून ऊद टाकणारा कोण..."

वाक्य तिथंच राहिलं. सर हळूच खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "म्या टाकला हुता."

मला वाटलं, माझं ऐकण्यात चुकलं.

"दर साली टाकतो," सर टेबलाकडे बघत म्हणाले. "माझा बाप लातुरात शिंपीकाम करायचा. खंडेनवमीला माय शिलाई मशीन पुसायची, हळदकुंकू लावायची अन् गोवरीच्या निखाऱ्यावर ऊद टाकायची. म्हणायची, जी मशीन पोट भरती तिला वर्सातनं एकदा तरी चांगला वास द्यावा. आता माझं पोट या गिरणीवर हाय. पर म्या मशीन बंद करून टाकतो, इझवतो, मगच चालू करतो. औंदाबी इझवला. कठड्याच्या कडंला ठेवला."

"इझला नव्हता सर," मामा म्हणाले.

"तुमाला काय ठाऊक?"

"तुमी येऊ देत न्हाई, तरी म्या दुपारी चहा घेऊन वर आलतो. तुमच्या खुर्चीमागंच धुमसून राहिला हुता. धूर बारीक, पर वास लई. जिन्यापर्यंत येत हुता."

"मग बोलला कामून न्हाई?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "आता सर, वास येऊन राहिला म्हणून म्या सांगावं? तुमाला? मला वाटलं देवाचा हाय, सरांना चालत आसंल."

साऱ्या शहराला वास सांगणाऱ्या माणसाला वास येतोय हे सांगण्याची हिंमत मामांच्या जागी मीही केली नसती.

"सकाळधरनं सांजपर्यंत," सर म्हणाले, "म्या तिथंच बसून हुतो." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तापातनं उठलो तवापासून काहीच येत न्हाई. धुराचा न्हाई, चहाचा न्हाई. घरात तेवढं ठाऊक हाय."

रस्त्यातल्या सगळ्या परीक्षा मला तेव्हा एकदम आठवल्या. टपरी, बसस्टँड, शोकसभा. इतके दिवस मी समजत होतो की ते माझं नाक तपासतायत.

मामा पुढे झाले. "सर, भाईर कशाला जाऊ द्यायचं हे? बिडी म्याच ओढली म्हणून लिवा की. माझं काय जातंय?"

सरांच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा हसू आलं. "लई उपकार, मामा. पर निकोटीन न्हाई त्यात."

मग माझ्याकडे वळून ते पुस्तकी मराठीत म्हणाले, "लिहा. खंडेनवमीच्या दिवशी मार्गदर्शकाने यंत्राजवळ ऊद जाळल्यामुळे नमुना दूषित झाला. सदर दिवस वगळला आहे."

"सर, तुमचं नाव कसं लिहू? लोक काय म्हणतील?"

"लिहिलं तर एक दिवस जातो. न्हाई लिहिलं तर तुझं वरीस जातं. लोक काय मार्चमध्ये तुझी फी भरणार हायत?" जरा थांबून म्हणाले, "नाकाचं तेवढं लिहू नको."

मी लिहिलं नाही. माझ्या प्रबंधाच्या तळटिपेत ते एकच वाक्य आहे, आणि त्याखाली सरांची सही आहे. तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांचं बोट बरोबर त्याच ओळीवर थांबलं. त्यांनी विचारलं, हे मार्गदर्शक कोण? सरांनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला. सभागृहात हशा पिकला. परीक्षक सरांची कीर्ती ऐकून होते, हसत हसत म्हणाले, "कमाल आहे! आणि तुम्हाला वास आला नाही?"

मामा दारात चहाचा ट्रे घेऊन थिजले.

"देवाच्या वासाला नावं ठेवायची आमच्यात पद्धत नाही," सर म्हणाले. पुन्हा हशा झाला. मामांनी चहा वाटायला सुरुवात केली, आणि त्या चहाबरोबर मी डॉक्टर झालो.

आता मी लातूरला शिकवतो. आमच्या गच्चीवरही एक गिरणी आली आहे. सर निवृत्त होऊन नांदेडलाच राहिले. हे सगळं लिहू का, असं मी त्यांना मध्यंतरी फोनवर विचारलं. म्हणाले, "लिही की आता, नाकासकट लिही. कापायला नाक हायच कुठं?" आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तुझ्या गच्चीवर काय वास येतो ते कळवत जा. फोनवर नको, फोनवर माणूस घाई करतो. कागदावर लिही." तेव्हापासून मी लिहितो. त्यातलं हे एक पत्र इथे देतो, म्हणजे लेख माझ्या हातून आणखी बिघडायचा नाही.

लातूर, खंडेनवमी

तीर्थस्वरूप सरांस,

सा. न. वि. वि.

आज पहाटे वारा मार्केट यार्डाकडून होता. पहिल्यांदा डाळ मिलचा वास आला, तुरीच्या सालीचा, कोरडा, नाकात जरा खाजरा. त्यामागे ट्रकांचं डिझेल. उजाडल्यावर कुणीतरी बंब पेटवला. लाकूड बाभळीचं असावं, पण पेटवायला प्लास्टिकची पिशवी घातली होती. मी खाली जाऊन सांगून आलो. ते म्हणाले, "सर, एकच पिशवी हाय." तुम्ही असता तर त्यांना बंबासकट विझवलं असतं. मी नुसते हात जोडले, मला अजून तेवढं जमत नाही.

तुमच्या वडिलांचं दुकान होतं त्या बोळात काल जाऊन आलो. तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. वास विशेष नाही, गरम प्लास्टिकचा आहे थोडा. पण शेजारी एक म्हातारे अजून कपडे शिवतात. त्यांच्या मशीनला आदल्या रात्रीच तेल घातलेलं होतं. ते तेल, नवं कापड आणि कोळशाची इस्त्री, असा तिन्हींचा मिळून वास होता. मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो. त्यांनी विचारलं, काय शिवायचंय? मी म्हणालो, काही नाही, वास घेऊन राहिलो. तुमच्या विद्यार्थ्याला लातुरातही लोक वेडा म्हणू लागले आहेत, हे कळवायला आनंद होतो.

सकाळी यंत्र बंद केलं. पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची दोन फुलं ठेवली. गोवरी वडिलांनी घरून पाठवली होती. निखाऱ्यावर ऊद टाकला. आधी गोवरीचा आला, हुरड्याच्या आगटीसारखा, तुम्हाला आठवेल तो. मग ऊद चढला. गोड, जड, देवघराच्या दाराशी येतो तसा. तुमच्या आईंना जो आवडत होता तो हाच असावा असं धरून चाललो आहे.

विझवल्यावर लगेच खाली उतरलो नाही. शेजारीच बसून राहिलो. यंत्र चालू करायच्या आधी दोनदा वास घेऊन बघितला. एकदा माझ्यासाठी, आणि एकदा तुमच्यासाठी.

कसलाच वास येत नव्हता.

आपला विद्यार्थी